आतली खोली

जळगावला बदली झाली तेव्हा खोलीसाठी पाच-सहा घरं पालथी घातली. लग्न झालंय का, मासे शिजवणार का, भेटायला कोण कोण येणार, असे तेच ते प्रश्न सगळीकडे. शेवटच्या घराचे मालक, नाना, यांनी यातलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "गाव कोणतं, मॅडम?"

मी म्हटलं, रत्नागिरीजवळचं.

"समुद्रापासून कितीक लांब?"

"मागच्या दारातून दिसतो."

ते उठले, आतल्या दारापाशी गेले आणि बायकोला, अक्कांना, ओरडून म्हणाले, "ऐकी राहिनी का? दिधी खोली!"

अशी मला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. कशासाठी मिळाली ते पुढच्या आठवड्यात कळलं. मी जिन्यावरून उतरायला लागले की नाना खाली उभेच. भरतीच्या वेळी हवेचा वास बदलतो का? कोणत्या महिन्यात लाटांच्या आवाजाने झोप मोडते? पाणी सकाळी जास्त निळं की दुपारी? मला यातलं एकही धड सांगता येईना. समुद्र काय, असतो. आम्ही त्याच्याकडे पाठ करून भांडी घासतो. हे मी त्यांना सांगितलं तर ते खरोखर दुखावले. "चोवीस वर्षं समुद्राकाठी काढली," ते म्हणाले, "मग केलं काय तुम्ही तिथे?"

नानांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. जन्म शिरपूरकडचा, नोकरी सगळी वरणगावच्या कारखान्यात, आणि निवृत्तीनंतर हे जळगावचं घर. कामानिमित्त एकदा मुंबईला गेले होते, पण काम करून त्याच दिवशी परत आले. समुद्र असाच येता-जाता पाहायचा नाही, नीट पाहायचा, जहाजावर बसून पाहायचा, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं म्हणे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लांबट रजिस्टर आणलं आणि प्रवासी जहाजांची तपासणी सुरू केली. मी राहायला गेले तेव्हा तिसरं रजिस्टर चालू होतं.

तपासणी हा शब्द त्यांचाच. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तिथलं एक मोजमापाचं हत्यार त्यांनी निवृत्तीच्या वेळी साहेबांकडून मागून आणलेलं, ते कायम टेबलावर असायचं. हाताच्या पंजाएवढी पोलादी दांडी, दोन्ही टोकं जराशी वेगळ्या जाडीची. "हे टोक भोकात गेलं पाहिजे," ते दाखवत, "आणि हे टोक जायला नको. बस. माप सांगायचं नाही, कौतुक करायचं नाही. जाणारं गेलं आणि न जाणारं नाही गेलं की माल पास." मी मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत होते. त्यामुळे मीही त्यांच्या जातीची ठरले. "तुम्ही बी तपासणीवाल्या," असं ते मोठ्या मानाने म्हणत. भरताची वांगी आणली तरी प्रत्येक वांगं दोन बोटांत धरून 'जातंय का' बघायचं. भाजीवाल्या बायकांनी त्यांना मालाला हात लावू देणं कधीच सोडलं होतं.

जहाज कंपन्यांची नावं ते घेत नसत. तपासणीत नाव घेतलं की मन एका बाजूला झुकतं, असं त्यांचं मत. त्यांनी आपली नावं दिली होती. एक कंपनी होती 'गुजराथी थाळी': सारखं वाढत राहतात, गाणी मोठ्याने, पोट भरलं तरी उठू देत नाहीत. एक होती 'सासरवाडी': पहिल्या दिवशी पायघड्या आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या बाटलीलाही तोंड उघडावं लागतं. एक 'दवाखाना': स्वच्छ, शांत, जेवण अळणी. आणि एक 'कारखाना', कारण तिथे जेवणाच्या दोन पाळ्या होत्या आणि आपली पाळी चुकली की चुकली. हे सगळं त्यांनी घरबसल्या, फोनवरून मिळवलं होतं. रोज अकरा वाजता नाश्त्याची बशी बाजूला सारून ते कुठल्यातरी कंपनीला फोन लावत आणि आवाज मोठा करून ठेवत, म्हणजे सुट्टीच्या दिवशी वर मलाही ऐकू येई.

"मॅडम, एक बताइए, आपके जहाज में बर्तन धोने का रूम कौनसे माले पर है?"

"सर, आप वही जळगाववाले सर हैं ना?"

"हां. बर्तन की आवाज आती है के नहीं, इतना बोलिए."

त्या मुलींना ते पाठ झाले होते. एकीने स्वतःचं लग्न ठरल्याचं त्यांना सांगितलं होतं, आणि नानांनी तिला जहाजावर लग्नाचा वाढदिवस करू नकोस, त्या दिवशी केक फुकट देतात आणि फोटोला दोन तास उभं करतात, असा सल्ला दिला होता. तिच्याच कंपनीबद्दल.

हळूहळू गावात बातमी पसरली. सुट्टीत जहाजावर जायची टूम आता आपल्याकडेही आली आहे. शिरपूरचे जिनिंगवाले, भुसावळचे डॉक्टर नवरा-बायको, कोणाची नवी सून. तिकीट काढण्याआधी सगळे नानांकडे येत. ते ओट्यावर बसवून सांगत. खोली मधली घ्यायची आणि खालची घ्यायची, कारण झोपाळा टोकाला हलतो, कडीपाशी नाही. आपल्या वरही झोपायच्या खोल्या असाव्यात आणि खालीही, म्हणजे डोक्यावर कोणी नाचणार नाही. औषधं हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग खोलीवर यायला संध्याकाळ होते. पहिल्या दुपारी सगळे जेवायला धावतात तेव्हा तुम्ही जहाज हिंडून या, रस्ते पाठ करा. बंदरावर उतरलात तर घड्याळ जहाजाचं धरा, गावाचं नको. जहाज कोणासाठी थांबत नाही. माणसं वहीत लिहून घेत. मला हसू यायचं. ज्याने बोटीत पाय ठेवला नाही तो माणूस जग हिंडलेल्यांना बोट शिकवतो आहे आणि ते ऐकताहेत! पण परत येऊन सगळे म्हणत, नाना, तुम्ही सांगितलं तसंच होतं.

सल्ल्याच्या बदल्यात नाना एकच काम सांगत. त्यांचा एक स्टीलचा पेला होता. आत, वरून दोन बोटं खाली, त्यांनी खिळ्याने एक रेघ मारली होती. हा पेला सोबत न्यायचा, खोलीतल्या टेबलावर रेघेपर्यंत पाणी भरून ठेवायचा आणि पाणी रेघेच्या वर किती हललं, सांडलं का, ते परत येऊन सांगायचं. लोक नेत. काही खोटंही सांगत असतील. पण पेला सिंगापूरला जाऊन आला, गोव्याला दोनदा, लक्षद्वीपला एकदा. परत आला की अक्का तो चिंचेने घासत आणि म्हणत, "आमना पेलानी समुद्र देखा माय. आम्ही ऱ्हायनूत घासाले."

अक्कांना समुद्राची ओढ होती, आणि ती नानांच्या आधीपासूनची. हे मला उशिरा कळलं. लग्नाच्या वेळी त्यांनी नवऱ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. नानांनी हो म्हटलं होतं. म्हणजे रजिस्टरं नानांची, पण मागणी अक्कांची.

जळगावचा उन्हाळा माझ्या अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली. कोकणातली मी, खिडक्या सताड उघड्या टाकून बसायची. पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी उघड्या खिडकीतून झळ आली आणि मी चक्कर येऊन पडले. अक्कांनी मला खाली नेलं आणि आतल्या खोलीत झोपवलं. त्या घरात मधोमध एक खोली होती, चारही बाजूंनी खोल्या किंवा भिंती, खिडकी नाही. शहाबादी फरशी, वर संथ पंखा, अंधार. सकाळी नऊ-दहालाच सगळं घर बंद करून माणसं तिथे येऊन पडत. जावई आला तर त्याला तिथे, बाळंतीण आली तर तिला तिथे. खानदेशात पाहुण्याला मान द्यायचा तर त्याला आतल्या खोलीत घ्यायचं, हे मी तिथे शिकले. नाना म्हणायचे, "खिडकी म्हणजे घराला पडलेलं भोक. बांधणाऱ्याची चूक ती." त्या थंडगार अंधारात पडून मला ते पटलंही होतं.

चौथ्या वर्षी अक्का उंबऱ्याला ठेचकाळायला लागल्या. मग बाजूने आलेली सायकल दिसली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले होते. काचबिंदू निघाला. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते. नजर कडेकडेने जाते आहे, समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायला थेंब घालायचे. किती टिकेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, उशीर करून आलात. दीड वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही.

नानांनी दारावर थेंबांचं वेळापत्रक लावलं. एकही वेळ चुकली नाही. आणि रोज अकराचा फोनही चुकला नाही. चौथं रजिस्टर सुरू झालं.

मी वाट पाहिली, महिना, दोन महिने, पाच महिने. मग एके दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, "नाना, कुठलंही जहाज घ्या आणि जा. पेला कशाला पाठवताय, माणूस न्या."

ते चिडले नाहीत. त्यांनी टेबलावरची ती दांडी उचलली, दोन्ही टोकं पाहिली. "मॅडम, ती एकदाच देखणार शे," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेला डोळे नसतील. एकदाच दाखवायचं, तर चुकीचं जहाज कसं चालेल? गर्दीत दिसलंच नाही तर? पोटात ढवळून दोन दिवस आडवीच पडली तर? पुन्हा कुठून आणू?"

मला राग आला होता आणि तो तसाच राहिला. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणूनच जास्त आला. एवढ्या प्रेमाने एखाद्याचा वेळ फुकट घालवता येतो हे मी पहिल्यांदा बघत होते. पण घर त्यांचं, बायको त्यांची. मी वर निघून गेले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळची वेळ. कोणी डॉक्टर मुलगा बायकोला घेऊन सल्ल्याला आला होता. नाना सांगत होते, मी ओट्यावर चपला घालत होते. अक्कांनी पाहुण्यांसाठी पाणी आणलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि तांब्यातून पेल्यांत ओतायला लागल्या. त्यात तो रेघेचा पेलाही आला होता. अक्का ओतत राहिल्या. पाणी रेघेवर गेलं, काठावर गेलं, काठावरून ट्रेत, ट्रेतून टेबलावर, टेबलावरून नानांच्या रजिस्टरवर. त्यांना पेल्याची कडाच दिसत नव्हती. पाहुणी "अगंबाई" म्हणाली तेव्हा त्या थांबल्या.

"सांडं का?" त्यांनी विचारलं.

"नही," नाना म्हणाले. "एक थेंब नही." आणि ओलं रजिस्टर त्यांनी हळूच मांडीखाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकिटं काढली. 'गुजराथी थाळी', मुंबई ते गोवा आणि परत. हीच कंपनी ते चार वर्षं नापास करत आले होते, पण लवकरात लवकर तीच निघत होती. मी विचारलं, खोली कुठली? त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी तेज आलं. "खोली एक नंबर मिळाली," ते म्हणाले. "मधली, खालची, लिफ्टजवळ. आणि मुख्य म्हणजे आतली."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी समुद्राकाठची. पण तोपर्यंत मीही जळगावकर झाले होते. आतली म्हटल्यावर मलाही थंडगारच वाटलं.

परत आल्यावर सगळं अक्कांनी सांगितलं. नाना त्या वेळी बाहेरच्या खोलीत बसून होते.

"खोलीमा गयूत," अक्का म्हणाल्या. "मऊ गादी, गार हवा. यासनी लगेच पेला काढा, पाणी भरं. जहाज सुटनं. म्हणतस, दख, एक थेंब हालत नही! मी म्हनं, ते ठीक शे, समुद्र कोठे शे? भिंतले पडदा व्हता. मी चाचपत गऊ, पडदा सरकाडा. मांगे भिंत!"

"मग?"

"मी म्हनं, ओ, आतली खोली तं आपला घर बी व्हती."

नाना पलंगावर बसले म्हणे. अख्ख्या जळगावला खोली निवडून देणारा माणूस. चार रजिस्टरांत प्रत्येक कंपनीच्या भांडी घासायच्या खोलीचा मजला लिहिलेला, आणि स्वतःच्या बायकोसाठी त्यांनी जी घेतली तिला खिडकी नव्हती. चुकून नाही, निवडून घेतलेली. तिला उजेड टोचतो, झळ लागू नये, मानाने ठेवावं, म्हणून. मग ते काउंटरवर गेले. खिडकीची खोली मागितली. जहाज भरलं होतं. त्यांनी पुन्हा मागितली. तिथल्या मुलाने हात जोडले.

तेव्हा अक्कांनीच चादर उचलली. लिफ्टने वर गेल्या आणि उघड्या डेकवर कठड्यापाशी खुर्ची टाकून बसल्या. दोन दिवस त्या तिथेच होत्या, झोपण्यापुरत्या खाली गेल्या. गोवा आलं तेव्हा सगळे उतरले, या उतरल्या नाहीत. नाना ताटल्या भरभरून वर आणत होते. गाणी कोणती होती, जेवणाच्या पाळ्या किती, भांड्यांचा आवाज येतो का, यातलं त्यांनी काहीही पाहिलं नाही. अक्का सांगत होत्या की मधूनमधून ते विचारत, "दिसस का? नीट दिसस का?" आणि हो म्हटलं तरी थोड्या वेळाने पुन्हा विचारत.

मीही तेच विचारलं. खरं तर भीत भीतच विचारलं.

अक्का हसल्या. "तुले सांगू का पोरी? घरमा मी भांडं-भगुनं देखस तं अर्धं दिसस. माणूस देखस तं नाक दिसस, कान दिसत नही. कोर बठ्ठी गयी. पण समुद्रले कोरच नही ना. जितला समोर, तितलाच इकडे, तितलाच तिकडे. माले पुरा दिसना."

मी कोकणातली. जन्मापासून समुद्र बघत आले. त्या दिवशी मला त्या बाईचा हेवा वाटला, हे लिहून टाकते.

त्यानंतर वर्षभराने माझी बदली धुळ्याला झाली. नाना लोकांना सल्ला देत राहिले, पण तो फारच आटला होता. शिरपूरचे जिनिंगवाले मला धुळ्यात एका लग्नात भेटले. तक्रार करत होते. म्हणाले, "नानांकडे दोन तासांची तयारी करून गेलो होतो. कंपन्यांची माहितीपत्रकं नेली होती. त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. म्हणे, 'खिडकी घ्या. बाकी बठ्ठं सारखंच शे.' आणि पेलाही दिला नाही."

गेल्या एप्रिलमध्ये कामासाठी जळगावला गेले होते, दुपारी त्यांच्याकडे डोकावले. बाहेर रस्ता चटके देत होता, गल्लीतली सगळी दारं-खिडक्या बंद. नानांनी दार उघडलं. "या, मॅडम, आत या," म्हणाले. मला हायसं वाटलं. आतली खोली!

आत गेले तर डोळे दिपले. मागच्या बाजूच्या भिंतीला खिडकी पाडलेली. मोठी, जवळजवळ दाराएवढी. गवंड्याने तीनदा विचारून खात्री करून घेतली होती म्हणे. समोर मधला अरुंद बोळ आणि पलीकडे शेजाऱ्याची भिंत, तिच्यावर पाण्याची टाकी. दुसरं काही दिसायला नव्हतं. खिडकी सताड उघडी होती आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा आत येत होती. जावयाला बसवायची ती गार खोली, तिच्यात आता पाय भाजत होते. नाना कोपऱ्यात जाऊन पेपर तोंडासमोर धरून बसले. त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

अक्का खिडकीसमोरच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेला काळ संपला होता.

थोडा वेळ बोललो आणि मला सहन होईना. मी उठले, खिडकी लावायला हात पुढे केला. खिट्टीचा आवाज झाला असावा.

"ऱ्हाऊ दे पोरी," अक्का हळूच म्हणाल्या, पेपरापलीकडे जाणार नाही इतक्या हळू. "रोज दुपारले उघडतस ते. मना तोंडले झळ लागनी का माले समजस, आज बी उघडी."

"पण अक्का, एवढी झळ..."

"लागू दे. मी त्यासले अजून सांगं नही, माले आते काहीच दिसत नही."

मी हात मागे घेतला. नानांनी पेपराचं पान उलटलं. मी परत खाली बसले, आणि घामाने निथळत आम्ही तिघं त्या खिडकीसमोर बसून राहिलो.